आमचं लाल, तुमचं हिरवं

दुपारची जेवणं झाली होती आणि स्वयंपाकघरात शेंगदाण्याची चटणी फिरत होती. मी बाहेर फोनवर आरटीएक्स ५०९० बद्दल, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये गेमची चित्रं काढणाऱ्या एका ग्राफिक्स कार्डाबद्दल, वाचत पडलो होतो. ५७५ वॉट. मिक्सर थांबल्यावर आत गेलो आणि त्याला आडवा करून बुडाची पट्टी वाचली. ५०० वॉट.

"काय बघतोयस?"

"आपल्या मिक्सरपेक्षा जास्त वीज खातं."

"कोण?"

उत्तर द्यायचं तर पार २००२ पर्यंत मागे जावं लागलं असतं. मिक्सर जागेवर ठेवून बाहेर आलो.

ते कार्ड मला घ्यायचं नाहीये. तिकडे त्याची जाहीर किंमत १,९९९ डॉलर, इकडे येईतो दोन लाखांच्या वर. शिवाय मी हल्ली गेम फारसे खेळतही नाही. पण पुढचं कार्ड कधी येणार, त्यात मेमरी किती, त्या मेमरीकडे जाणारा रस्ता, म्हणजे बस, किती बिटचा, समोरच्या कंपनीनं काय दडवून ठेवलंय, या वावड्या वाचल्याशिवाय मला दुपारची झोप लागत नाही. आणि वावडी जितकी कच्ची तितकी गोड. कुठल्याशा कारखान्यातल्या कुणीतरी काढलेला अंधूक फोटो, त्यात अर्धवट दिसणारा हिरवा पत्रा. एकदा कार्ड बाजारात आलं, तपासून झालं, आकडे छापले गेले, की माझा त्यातला रस संपतो. मी लगेच त्याच्या पुढच्याकडे वळतो.

बाबांनी २००२ च्या दिवाळीत कॉम्प्युटर घेतला, असेंबल केलेला. साताऱ्यातला दुकानदार म्हणाला, "ग्राफिक्स आतच आहे साहेब, वेगळं काही लागत नाही." होतंही तसंच. इंटेलच्या ८४५जी चिपसेटमध्ये ग्राफिक्स आतच असायचं आणि त्याचं कागदोपत्री नाव होतं 'एक्स्ट्रीम ग्राफिक्स'. ज्यानं ते नाव ठेवलं त्यानं त्यावर क्रिकेटचा गेम लावून बघितला नसणार. गोलंदाज हप्त्याहप्त्यानं धावत यायचा. हातातून सुटलेला चेंडू खेळपट्टीच्या मध्यावर येऊन लटकायचा आणि मग एकदम यष्टिरक्षकाच्या ग्लोव्हजमध्ये दिसायचा. मधे काय घडलं ते आपलं आपण ताडायचं. प्रेक्षक पुठ्ठ्याचे. आजोबा खुर्ची ओढून माझ्या मागे बसायचे. त्यांनी एकदा सबंध षटक न बोलता पाहिलं आणि म्हणाले, "रेडिओवर यापेक्षा बरं दिसायचं."

मे महिन्याच्या सुट्टीत पुण्याचा मावसभाऊ यायचा तो 'डिजिट'चे जुने अंक घेऊन. मासिकाबरोबर मिळणारी सीडी तो घरी ठेवून यायचा, नुसते अंक आणायचा, कारण आम्हाला खेळायचं नव्हतंच, भांडायचं होतं. ग्राफिक्स कार्डांच्या दोन कंपन्या, दोन रंग. तो हिरवा, म्हणजे एनव्हिडियाचा. मी लाल, म्हणजे एटीआयचा. आम्ही कुठल्या हिशेबानं बाजू वाटून घेतल्या ते देव जाणे. दोघांपैकी कुणाच्याही कॉम्प्युटरमध्ये कार्ड नव्हतं. कुणाकडे बसवलेलं पाहिलंही नव्हतं. तरी गच्चीवर अंथरुणं पसरून रात्री उशिरापर्यंत आमची जुंपायची आणि खालून मावशीचा आवाज आला की तेवढ्यापुरती थांबायची.

माझी बाजू तेव्हा वरचढ होती. २००२ च्या ऑगस्टमध्ये एटीआयनं रेडिऑन ९७०० प्रो हे कार्ड आणून हिरव्यांची झोप उडवली होती. एनव्हिडियाचं उत्तर, जीफोर्स एफएक्स ५८०० अल्ट्रा, नोव्हेंबरात जाहीर झालं आणि दुकानात यायला पुढचं साल उजाडलं. आलं ते पंख्याची घरघर घेऊनच. आवाज इतका की शेवटी कंपनीनंच त्याची टिंगल करणारा व्हिडिओ काढला. मावसभावाचं म्हणणं, "ताकद असली की आवाज होणारच." या वाक्यावर काही तोड नसते. मी नुसतं 'हूं' म्हणालो.

पुढे एकदा काकांबरोबर मुंबईला गेलो असताना आम्ही हट्टानं लॅमिंग्टन रोड गाठला. ग्रँट रोड स्टेशनवरून चालत. तिथे दुकानाच्या काचेत कार्डांची खोकी ओळीनं लावलेली, प्रत्येकावर कुणी चिलखत घातलेली बाई, कुणी भडक डोळ्यांचा राक्षस. खोकी रिकामी असतात हे आम्हाला माहीत नव्हतं. मावसभावानं एकाची किंमत विचारली. दुकानदारानं आमच्या चपलांपासून वरपर्यंत पाहिलं. "बघायचंय की घ्यायचंय?"

बघायचंच होतं. अजूनही तेच आहे.

पैसे साठवले नाहीत असं नाही. पण साठेपर्यंत कार्ड बदलायचं. २००४ मध्ये तर कार्ड ज्या खाचेत बसतं ती खाचच बदलली, एजीपी जाऊन पीसीआय एक्सप्रेस आली. म्हणजे कार्ड घ्यायचं तर मदरबोर्ड घ्या, मदरबोर्ड घ्यायचा तर प्रोसेसर घ्या. बाबांनी शांतपणे विचारलं, "मग जुन्यातलं काय राहणार?" कॅबिनेट, मी म्हणालो.

आमच्या भांडणाचा खरा अर्थ मला २००८ च्या जूनमध्ये लागला. त्या महिन्यात एनव्हिडियानं जीटीएक्स २८० आणलं, ६४९ डॉलरला. त्याचं धाकटं भावंड जीटीएक्स २६०, ३९९ ला. आठवडाभरातच एएमडीनं (एटीआय २००६ सालीच एएमडीनं विकत घेतली होती, माझी निष्ठा सामानासकट तिकडे गेली होती) रेडिऑन एचडी ४८७० काढलं २९९ डॉलरला, आणि ते २६० च्या तोंडात मारेल असं निघालं. हिरव्यांची धावपळ झाली. काही आठवड्यांत २८० खाली आलं ४९९ वर आणि २६० खाली आलं २९९ वर. मी आनंदानं पुण्याला फोन लावला. मावसभाऊ म्हणाला, "हो ना, तुमच्या लोकांचे आभार. स्वस्त झालं म्हणून मी २६० घेतोय."

माझी बाजू जिंकली होती आणि विक्री त्याच्या बाजूची झाली होती. नंतर पाहत गेलो तर सगळीकडे हेच. एएमडीनं तगडं कार्ड काढावं म्हणून जे देव पाण्यात ठेवून बसतात, त्यातल्या निम्म्यांना घ्यायचं असतं एनव्हिडियाचंच. शेजारच्या मुलानं भरपूर अभ्यास करावा, म्हणजे त्याचं बघून आपला बसेल, अशी ही सदिच्छा. शेजारच्या मुलाचं पुढे काय झालं हे कोण विचारतो?

वाट पाहण्यात एक मजा कार्डांच्या पिढ्यांना दिलेल्या नावांचीही. हिरव्यांकडे शास्त्रज्ञ: फर्मी, केप्लर, मॅक्सवेल, पास्कल, ट्युरिंग. लालवाल्यांना भूगोलाचं वेड. ताहिती, पिटकेर्न, केप व्हर्दे ही बेटं मला नकाशावर दाखवता यायची ती केवळ रेडिऑनमुळे. मग ते बेटांवरून ताऱ्यांवर गेले, पोलॅरिस आणि वेगा. २०१७ च्या सुरुवातीला वेगाची जाहिरात आली, तिच्यात बिचाऱ्या व्होल्टाची कीव केली होती. व्होल्टा म्हणजे समोरच्यांचं न आलेलं कार्ड. आमच्या गोटात आनंदीआनंद. ऑगस्टमध्ये वेगा आलं आणि समोरच्यांच्या मार्चमधल्या जुन्या पास्कललाच, १०८० टीआयला, पुरं पडलं नाही. व्होल्टाचं गेमवाल्यांसाठीचं कार्ड, जीफोर्स, तर निघालंच नाही. न आलेल्या कार्डानं न आलेल्या कार्डाची कीव करावी आणि आपण टाळ्या वाजवाव्यात, यापेक्षा निर्मळ करमणूक मी तरी पाहिलेली नाही.

हिरवेही कमी नाहीत. २००९ च्या सप्टेंबरअखेर एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी व्यासपीठावर नवं फर्मी कार्ड उंच धरून दाखवलं. लोकांनी फोटो मोठे करून पाहिले तर त्याला लाकडात पिळायचे स्क्रू मारलेले. नमुना होता, असा खुलासा नंतर झाला. खरं कार्ड पुढच्या मार्चमध्ये आलं आणि आलं ते तापूनच.

हे हुआंग आणि एएमडीच्या प्रमुख लिसा सू एकमेकांच्या नात्यातले आहेत, हे मला कळलं त्या दिवशी मी घरात सगळ्यांना सांगत सुटलो. हुआंग यांची आई ही लिसाबाईंच्या आजोबांची, आईच्या वडिलांची, धाकटी बहीण. इंग्रजीत या नात्याला लांबलचक काहीतरी म्हणतात. आपल्याकडे सरळ आहे. आईचा आतेभाऊ, म्हणजे मामा. इतकी वर्षं आम्ही गच्चीवर ज्यांच्यासाठी घसा फोडला ते तैवानातल्या एका घरातले मामा-भाची निघाले. (दोघं भेटले कामावरच, लहानपणी एका ताटात जेवलेत असं काही नाही.) आई म्हणाली, "लग्नाकार्यात बोलत असतील ना एकमेकांशी?" गेल्या वीस वर्षांत ग्राफिक्स कार्डाबद्दल तिनं विचारलेला हा पहिला प्रश्न.

२०२४ च्या सप्टेंबरात एएमडीनं सांगून टाकलं की सर्वात वरच्या कार्डासाठी या खेपेला आम्ही भिडणार नाही. भाचीनं पाट सोडला. मामांनी जानेवारीत लास व्हेगसला ५०९० दाखवलं, आणि ५४९ डॉलरचं ५०७० गेल्या पिढीच्या ४०९० इतकं पळेल असंही सांगितलं. त्यातली मेख अशी की कार्ड एक चित्र खरं काढणार आणि तीन चित्रं मधली-मधली, अंदाजानं भरणार. चेंडू इथे होता, तिथे गेला, मधे तो कुठून गेला असेल ते कार्डच ताडणार. यावर नेटवर केवढी चिडचिड झाली, खोट्या फ्रेमा म्हणून. मला आजोबा आठवले. कॉमेंट्रीतल्या दोन वाक्यांच्या मधला चेंडू ते डोळे मिटून बघायचे, आणि त्यांच्या फ्रेमांना कुणी खोटं म्हटलं नाही.

गंमत म्हणजे आता स्वस्तातला तिसरा भिडू म्हणून लोक ज्या कंपनीकडे आशेनं बघतात ती इंटेल. २०२४ च्या डिसेंबरात तिनं २४९ डॉलरला बी५८० काढलं आणि त्याचं कौतुकही झालं. लटकत्या चेंडूवाली इंटेल! मी पुष्कळ प्रयत्न केला, पण मनातून तिची बाजू घेता येत नाही.

बाजू घेऊन तरी काय होणार, हा प्रश्न हल्ली पडतो. जानेवारी २०२५ ला संपलेल्या वर्षात एनव्हिडियाची विक्री १३० अब्ज डॉलरच्या घरात होती. त्यातले डेटा सेंटरचे, म्हणजे एआय चालवणाऱ्या कॉम्प्युटरांच्या गोदामांचे, ११५ अब्ज. आमच्या गेमवाल्यांचे अकराच्या आसपास. २०२५ च्याच ऑक्टोबरात एएमडीनं चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयशी करार केला तो कार्डांच्या संख्येत नव्हे, विजेच्या मापात सांगितला गेला: सहा गिगावॉट. मी सातारचा, मला वीज म्हटलं की कोयना कळते. अख्खा कोयना प्रकल्प १,९६० मेगावॉटचा. म्हणजे तीन कोयना, एका गिऱ्हाइकाला. मामा-भाचीचं भांडण संपलेलं नाही, उलट आता कुठे पेटलंय. फक्त ते आमच्यासाठी चाललेलं नाही. आम्ही गच्चीवरून ओरडतोय आणि सामना दुसऱ्याच मैदानावर हलवलाय. तिकडून उरलेली मेमरी, उरलेलं सिलिकॉन इकडे येईल तेव्हा आमचं 'पुढचं कार्ड' होईल.

एनव्हिडियाच्या त्या पुढच्याचं नाव मात्र छान आहे. रुबिन. जे दिसत नाही पण असलंच पाहिजे, अशा द्रव्याचा भक्कम पुरावा देणाऱ्या खगोलशास्त्रज्ञ व्हेरा रुबिन यांच्यावरून. नाव सध्या डेटा सेंटरच्याच चिपांना दिलंय. वावड्यांवर जगणाऱ्या माणसाला याहून योग्य नाव मिळणं कठीण.

गेल्या रविवारी मावसभाऊ आला होता, मुलाला घेऊन. पोरगा बारावी झालाय, त्याला कॉम्प्युटर बांधून द्यायचा म्हणून. ५०७० घ्यावं की रेडिऑन ९०७०? दोन्ही निघाली ५४९ डॉलरला. हिरव्याला १२ जीबी, लालला १६. मी मेमरी धरून बसलो, तो अंदाजी फ्रेमांवर अडून बसला. चहा झाला, पुन्हा चहा झाला. शेवटी पोराचं मत घ्यायचं ठरलं. तो हातातल्या फोनमधल्या गेमवरून नजर न उचलता म्हणाला, "मला लॅपटॉप हवाय. हलका. होस्टेलला न्यायचाय."

"बरं," मावसभाऊ म्हणाला आणि माझ्याकडे वळला. "पण समज, घ्यायचंच असतं तर?"

मी म्हटलं, "थांबलो असतो." यावर मात्र आमचं एकमत झालं.