दात दुखत नव्हता, हनुवटी वाहत होती

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. होड्या किनाऱ्यावर ओढल्या, की मालवणात दवाखान्यांची गर्दी वाढते. वर्षभर अंगावर काढलेली दुखणी तेव्हा बाहेर येतात. हे काका मात्र नातीची किडलेली दाढ दाखवायला आले होते. तिला तपासताना माझं लक्ष त्यांच्या हनुवटीवरच्या चिकटपट्टीकडे गेलं.

ती काढायला लावली. हनुवटीच्या मधोमध आत ओढल्यासारखी खळी, तिच्या तळाशी टाचणीच्या डोक्याएवढं लाल तोंड, दाबलं की पुवाचा थेंब. दोनेक वर्षं हा फोड सुकत होता नि पुन्हा वाहत होता. मलमं झाली, गोळ्या झाल्या, एकदा चिरूनही झालं. आता कातडीसकट काढून टाकायचं घाटत होतं.

मी दातांचा एक्स-रे काढूया म्हटलं, तर म्हणाले, "मॅडम, माजो दात दुखणा नाय. मग फोटो कित्याक?"

प्रश्न रास्त होता. पण दातातली नस पूर्ण मेली, की दाताचं दुखणं बहुतेकदा थांबतं, आतला संसर्ग थांबत नाही. तो मुळाच्या टोकाशी हाड खात राहतो. पुवाला बाहेर वाट मिळाली, की दाब उरत नाही, मग ठणका कसला लागणार? खालच्या पुढच्या दातांच्या मुळाचं टोक हनुवटीचा स्नायू हाडाला चिकटतो त्या जागेच्या खाली असलं, तर पू हिरडीत न येता थेट हनुवटीच्या कातडीतून फुटतो. खोदून विचारल्यावर काकांना आठवलं, फार वर्षांपूर्वी होडीचं इंजिन सुरू करताना हँडल उलटं फिरून हनुवटीवर बसलं होतं. त्या मारानेच नस मेली असावी.

रूट कॅनल, म्हणजे दाताच्या मुळातली नलिका, भरायला आम्ही गटापर्चाची बारीक काडी वापरतो. झाडाच्या चिकापासून होणारा हा पदार्थ, काडीत मिसळलेल्या क्षारांमुळे एक्स-रेत पांढराशुभ्र दिसतो. ती काडी मी हनुवटीवरच्या त्या तोंडातून अलगद आत सोडली. जोर लावायचा नाही. वाट असेल तिकडे ती आपणच सरकते. सेन्सर तोंडात धरला, बटण दाबलं. स्क्रीनवर हनुवटीतून निघालेली पांढरी रेघ वर चढत उजवीकडच्या मधल्या दाताच्या मुळाशी जाऊन थांबली होती, आणि तिथे वाटाण्याएवढा काळा डाग. हाडातले ३० ते ५० टक्के क्षार गेल्याखेरीज असा डाग साध्या एक्स-रेत नीट दिसत नाही, म्हणजे हे प्रकरण जुनं होतं.

तो डाग शेजारच्या दाताच्या मुळालाही टेकलेला दिसत होता. इथे घाई करणं मला मुळीच पटत नाही. एक्स-रे ही शेवटी सपाट सावली. पुढचं-मागचं एकावर एक येतं. म्हणून दोन्ही दातांना गार बोळा लावला. शेजारचा लगेच शिवशिवला, त्याची नस जिवंत होती. त्याला हात लावायचा नाही हे तिथेच ठरलं.

मग एक्स-रेची नळी थोडी बाजूला सरकवून नस मेलेल्या दाताचा तिरका फोटो घेतला. सरळ फोटोत त्याच्या मुळात एकच नलिका दिसत होती, आता दोन दिसल्या. खालच्या पुढच्या दातांत जिभेच्या बाजूला अशी दुसरी नलिका बऱ्याचदा असते, ती राहून गेली तर पू पुन्हा येतो. अक्कलदाढ जबड्यातल्या नसेला खेटून असेल तर मी थ्रीडी स्कॅनला पाठवते. इथे साध्या फोटोंनी काम भागलं. किरणांची भीती काकांनाही होती. अशा एका छोट्या डिजिटल फोटोत साधारण दिवसभरात निसर्गातून मिळतात तेवढीच किरणं लागतात, हे सांगितल्यावर ते निवांत बसले.

दोन्ही नलिका साफ करून आत कॅल्शियम हायड्रॉक्साइड हे जंतुनाशक औषध भरलं. हनुवटीला सुरी लावली नाही, अँटिबायोटिकही दिलं नाही. दोन आठवड्यांत ते तोंड बुजलं. नारळी पौर्णिमेआधी दात कायमचा भरून दिला, नातीची दाढही झाली.

पुढच्या बंदीत काका आपणहून फोटो काढायला आले. काळ्या डागाच्या जागी हाड भरत आलं होतं, कडेला बारीकशी छटा उरली होती. शेजारचा दात अजून शिवशिवतो. खळी राहिली आहे. छोट्या शस्त्रक्रियेने तीही सोडवता येते, पण काकांना ती नको आहे.