आमची वाटचाल : उन्हावर चाललेला धंदा

आमसूल म्हणजे रातांब्याची (कोकमाच्या फळाची) वाळवलेली साल. त्याच्या धंद्यात पैसा सालीचा आणि साल उन्हाची, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना २०२५ च्या मे महिन्यात आमचे काय झाले असेल हे सांगायला नको, तरीही सांगतो. सिंधुदुर्गातल्या कुडाळ तालुक्यात २००८ साली सुरू केलेल्या या व्यवसायाची मधली बरीच वर्षे सुरळीत गेली. २०२१ च्या तौक्ते वादळात छप्पर उडाले, ते महिनाभरात घातले. २०२५ मध्ये मात्र पायाच हलला.

पाऊस दिवाळीनंतरही रेंगाळला की रातांब्याचा फुलोरा लांबतो, फळ मेअखेरीस पिकते आणि नेमके पावसात सापडते. त्या वर्षी मोसमी पाऊसच २५ मे रोजी कोकणात उतरला, आणि त्याआधीच्या चार-पाच दिवसांच्या सरी वळवाच्या म्हणवत नव्हत्या. तिसरे पुट दिलेली, म्हणजे रातांब्याच्या मीठ घातलेल्या रसात तिसऱ्यांदा बुडवलेली, साल चटयांवर पसरलेली होती. आत आणेपर्यंत ती भिजली, दोन दिवसांत तिच्यावर पांढरी बुरशी आली. वाळवणयंत्र होते, वीज नव्हती. पंचनाम्यात आंबा-काजू मोजले गेले, पण बांधावरच्या आमच्या रातांब्यांची सातबाऱ्यावर नोंदच नसल्याने भरपाईचा प्रश्नच उद्भवला नाही.

याच काळात एका व्यापाऱ्याने बाहेरून आणलेले आमसूल ‘सिंधुदुर्गचे’ म्हणून विकले. इथल्या कोकमाला भौगोलिक मानांकन, म्हणजे इथल्याच मालाला हे नाव लावण्याचा हक्क, मिळूनही हे चालते, याचा राग अजून गेलेला नाही.

पहिल्या वर्षापासून आमच्यासोबत असलेल्या शेजारच्या काकी रसातले मीठ चवीवरच ठरवतात. हाताला पडलेल्या चिरांना रात्री भिरंडेल (रातांब्याच्या बियांचे घट्ट तेल) चोळतात आणि सकाळी पुन्हा त्याच रसात हात घालतात. साल दुमडून पाहिल्यावर मोडली नाही आणि बोटाला चिकटलीही नाही, तरच त्या ती बरणीत भरू देतात. नव्याने लागवड करणाऱ्यांनी दापोलीच्या कृषी विद्यापीठाची, लवकर पिकणारी ‘कोकण अमृता’ कलमे लावावीत आणि फळ धरत नाहीत म्हणून सगळी नर झाडे तोडू नयेत. परागकण त्यांच्याकडूनच मिळतात.

दादरच्या एका खानावळीच्या मालकीणबाई दर जूनमध्ये आमच्याकडून चाळीस किलो आमसूल नेतात. त्या वर्षी अकराच किलो देता आले. त्यांनी दुसरीकडचा माल घेतला नाही. सोलकढी फक्त बुधवारी आणि रविवारी मिळेल, अशी पाटी लावली, आणि पुढच्या हंगामाची उचल ऑगस्टमध्येच पाठवून दिली.