एफ-टीआर रायफल: बॅरल बसलं, आता उभ्या फैलावाच्या मागे

गेल्या नोंदीपर्यंत अ‍ॅक्शन (बोल्ट ज्यात सरकतो तो धातूचा गाभा), चाप आणि दस्ता एवढंच हातात होतं. आता बॅरल बसलंय, बेडिंग (दस्त्यात रायफल घट्ट बसवणारं इपॉक्सीचं अस्तर) वाळलंय, आणि स्कोप आणि बायपॉड (पुढचा दोन पायांचा आधार) यांच्यासकट रायफल काट्यावर ८.१ किलो भरली. मर्यादा ८.२५ किलोची आहे, म्हणजे दीडशे ग्रॅमची चैन शिल्लक. ती मी वापरणार नाही. स्पर्धेच्या काट्यात आणि घरच्या काट्यात फरक निघाला की मग बायपॉडच्या पायातले स्क्रू मोजत बसावं लागतं. आता काम उभा फैलाव, म्हणजे टार्गेटवर गोळ्यांचं वर-खाली पसरणं, कमी करायचं.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. एफ-क्लास म्हणजे पोटावर पडून, स्कोप लावून, रायफलीला आधार देऊन लांब पल्ल्याची नेमबाजी. कॅनडाच्या जॉर्ज ‘फार्की’ फार्कर्सन यांनी हा प्रकार सुरू केला, त्यातला ‘एफ’ त्यांच्याच नावाचा. ओपन गटात रायफल १० किलोपर्यंत, कॅलिबर ८ मिलिमीटरपर्यंत कुठलंही, आणि पुढे जड रेस्ट (टेकू) चालतो. माझा गट टीआर (टार्गेट रायफल). यात काडतूस फक्त .३०८ विंचेस्टर किंवा .२२३ रेमिंग्टन, पुढे बायपॉड, मागे वाळूची पिशवी. १००० यार्डांवर, म्हणजे ९१४ मीटरवर, दहाचं वर्तुळ १० इंचांचं आणि त्याच्या आतलं एक्सचं ५ इंचांचं.

पुण्या-कोल्हापूरकडचे ५० मीटरवाले मित्र हे अंतर ऐकून डोळे मोठे करतात. करू नयेत. ५० मीटरच्या रायफलीचा दहा १०.४ मिलिमीटरचा असतो. कोनाच्या हिशेबात तो जेमतेम ०.७ मिनिटांचा (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग), आमचा पूर्ण एक मिनिटाचा. शिवाय आम्ही बायपॉडवर रेलून पडलेले, आणि पॅरिसला २०२४ मध्ये ब्राँझ घेणारा स्वप्निल कुसाळे गुडघ्यावर बसून आणि उभा राहूनही मारतो. आमच्याकडचं अवघड ते वेगळं: गोळी दीड सेकंद हवेत असते आणि त्या दीड सेकंदात वारा तिच्याशी काय वाटेल ते करतो.

आणखी एक प्रश्न नेहमी येतो, की हे इथे अमेरिकेत आल्या आल्या सुरू करता येतं का? एच-१बीसारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर बंदूक किंवा काडतुसं बाळगायला फेडरल कायद्याने बंदी आहे. शिकारीच्या परवान्यासारखे काही अपवाद आहेत, पण मी त्या वाटेला गेलो नाही. ग्रीन कार्ड आल्यावरच परवानाधारक दुकानातून अ‍ॅक्शन घेतली. भारतात तर काडतूस बनवणं हेच शस्त्र कायद्याखाली परवान्याचं काम आहे, त्यामुळे खाली लिहिलेलं घरी करून बघायचं नाही, फक्त वाचायचं.

बॅरल ३० इंची, स्टेनलेस, कट-रायफल्ड (आतल्या पिळदार खाचा कापून काढलेलं), १० इंचांत एक वेढा. २०० ग्रेनची (साधारण १३ ग्रॅमची) लांब गोळी स्थिर ठेवायला हा पीळ लागतो. ६.५ क्रीडमोर काडतूस का नाही, असं विचारणाऱ्यांना एकच उत्तर: नियम. पण मनापासून विचाराल तर .३०८ मला तसंही आवडतं. १९५२ चं काडतूस आहे, त्याच्याबद्दल कुणाला काही नवं सांगायचं राहिलेलं नाही आणि बॅरल काही हजार गोळ्या टिकतं. ओपनवाल्यांची तापट सात मिलिमीटरची बॅरलं हजार-दीड हजारात म्हातारी होतात.

चेंबर (बॅरलमधली काडतूस बसायची जागा) कापताना गनस्मिथने मला लेथजवळ उभं राहू दिलं. माझी आधीची काही वर्षं भोसरीच्या शॉपफ्लोअरवर गेली, त्यामुळे बघायला मजा आली. बॅरल चकमध्ये बांधलं, दोन्ही टोकांना बोअरच्या आत डायल लावला आणि सुई जवळजवळ हलेनाशी होईपर्यंत तो चकचे स्क्रू चिमूटभर इकडे, चिमूटभर तिकडे फिरवत राहिला. बाहेरचा व्यास किती गोल आहे याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं, सगळा हिशेब आतल्या भोकाशी. मग फेसिंग, आटे, आणि शेवटी रीमर (चेंबरचा आकार कापणारं हत्यार). रीमर थोडा आत जायचा, बाहेर यायचा, तेलात भिजलेला कीस पुसायचा, पुन्हा आत.

शेवटचे काही थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) उरले तेव्हा त्याने अ‍ॅक्शन हाताने चढवून गो गेज (चेंबरची खोली तपासायचं माप) टाकला. .३०८ चा गो गेज १.६३० इंच, नो-गो १.६३४. गोवर बोल्ट बंद झाला पाहिजे, नो-गोवर होता कामा नये. या चार थाऊंच्या अंतरात बसलं की चेंबर सुरक्षित, पण तो तेवढ्यावर थांबला नाही. गो गेजच्या बुडाला साध्या पारदर्शक चिकटपट्टीचा तुकडा लावला, जाडी साधारण दोन थाऊ, आणि मला म्हणाला, कर बोल्ट बंद. हँडल अर्ध्यावर येऊन अडलं. पट्टी काढली, हँडल स्वतःच्या वजनाने खाली गेलं. इतक्या घट्ट मापात कापलेल्या चेंबरमध्ये पितळ कमी ताणलं जातं, आणि तीच केस (काडतुसाचं पितळी कवच) अनेक वेळा भरता येते.

बेडिंगबद्दल फार लिहीत नाही. पिलर, इपॉक्सी, रिलीज एजंट भरपूर. व्हिडिओ ढिगाने आहेत.

आता काडतुसं. या नोंदीचं खरं काम इथे आहे. १००० यार्डांवर गोळ्या आडव्या पसरल्या तर दोष वाऱ्याचा, किंवा वारा वाचणाऱ्या माझा. उभ्या पसरल्या तर बहुतेक वेळा दोष रायफलीचा किंवा काडतुसाचा. म्हणून घरच्या टेबलावर मी जे जे करतो त्याला एकच कसोटी लावतो: उभा फैलाव कमी झाला का? नसेल झाला तर ती पायरी बंद. हौशी मंडळींच्या टेबलावर निम्मे विधी सवयीपोटी चालू असतात, असं माझं मत झालंय.

केसेस लापुआच्या पाल्मा, लहान प्रायमरच्या (प्रायमर म्हणजे बुडाशी बसणारी, ठिणगी देणारी टोपी). प्रत्येक वेळी अ‍ॅनीलिंग (केसची मान तापवून पितळ मऊ करणं), मग पूर्ण लांबीचा साइझिंग डाय (केस दाबून मापात आणणारा साचा), आणि शोल्डर (मानेखालचा उतार) फक्त दोन थाऊ मागे. नेकमधून, म्हणजे केसच्या मानेतून, मँड्रेल (मापाची गुळगुळीत कांडी) घालतो म्हणजे गोळीवरची पकड सगळीकडे सारखी येते. लांबी कापणं, कडा साफ करणं हे आलंच. गोळी बर्गरची २००.२० एक्स हायब्रिड, आणि गंमत म्हणजे ती माझ्या फिनिक्सच्या घरापासून फार लांब नाही, शेजारच्या मेसा शहरात बनते. पूर्वी लोक १६८ ग्रेनची मॅचकिंग .३०८ मधून १००० यार्डांवर मारून बघायचे आणि टार्गेटवर गोळी आडवी शिरल्याची लांबट भोकं पडली की चक्रावायचे. ती गोळी मुळात ३०० मीटरसाठी काढलेली. तिची शेपूट जास्त कोनात निमुळती, त्यामुळे वेग ध्वनीच्या जवळ उतरला की डगमगते. लांब पल्ल्याला गोळी टार्गेटवर पोचेपर्यंत ध्वनीच्या वेगाच्या बऱ्यापैकी वर राहिली पाहिजे, हा पहिला नियम.

पावडर व्हर्गेट. ऑस्ट्रेलियात बनते, हॉजडन विकते, आणि तापमान बदललं तरी तिचा वेग फारसा हलत नाही. फिनिक्सच्या उन्हात हा गुण सोन्याहून महाग. किती ग्रेन भरतो ते इथे लिहिणार नाही. माझं चेंबर, माझं पितळ, माझा लॉट. तुमचं सगळं वेगळं. मॅन्युअलमधल्या सुरुवातीच्या मापापासून चढत जा, टेबलावर एका वेळी एकच पावडर ठेवा.

वजन करायला एफएक्स-१२०आय काटा आणि त्याला जोडलेला ऑटोट्रिकलर (दाण्यादाण्याने पावडर टाकणारं यंत्र). व्हर्गेटचा दाणा शेवयांच्या चुऱ्यासारखा असतो, एका दाण्याचं वजन साधारण ०.०२ ग्रेन. मी काही काळ चिमटा घेऊन एकेक दाणा टाकत-काढत बसायचो. मग एकदा हिशेब मांडला. माझ्या लोडमध्ये (पावडर-गोळीच्या जुळणीत) ०.१ ग्रेन पावडरीने वेग सेकंदाला ५-६ फुटांनी बदलतो. म्हणजे एक दाणा साधारण एका फुटाचा. १००० यार्डांवर सेकंदाला १० फुटांच्या फरकाने गोळी अडीच-तीन इंच वर-खाली जाते, तर एका दाण्याने पाव इंच. पाच इंचांच्या एक्स वर्तुळात पाव इंचासाठी चिमटा! चिमटा खणात गेला. काट्यावर एखादा दाणा कमी-जास्त दिसला तरी मी पुढे जातो.

याउलट ज्याकडे लोक काणाडोळा करतात ते म्हणजे नमुन्याचा आकार. तीन गोळ्या मारायच्या, क्रोनोवर (वेग मोजायच्या यंत्रावर) सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी वेगात ८ फुटांचा फरक दिसला की ‘लोड सापडला’ म्हणून फोटो टाकायचा. माझ्या लोडची एसडी (वेगाचं प्रमाण विचलन) मोठ्या नमुन्यावर सेकंदाला ५ फूट येते. संख्याशास्त्राप्रमाणे अशा लोडच्या तीन गोळ्यांमधला फरक सरासरी साडेआठ फूट असतो, पाच गोळ्यांमधला साडेअकरा-बारा, आणि वीस गोळ्यांमधला अठरा-एकोणीस. लोड तोच. आमच्या मॅचमध्ये वीस गोळ्या मोजल्या जातात, त्यामुळे मला त्या अठरा-एकोणीसशी मतलब. तेवढ्यानेच १००० यार्डांवर जवळपास पाच इंच उभा फैलाव होतो, म्हणजे एक्स वर्तुळ पुरं भरलं, आणि त्यात रायफलीचा स्वतःचा फैलाव अजून धरलाच नाही. तीन-तीन गोळ्यांच्या शिडीवर (पावडर थोडीथोडी वाढवत मारायच्या चाचणीवर) पावडरीचा ‘सपाट टप्पा’, म्हणजे पावडर बदलूनही वेग न हलणारी जागा, शोधणाऱ्यांना माझी विनंती आहे की तीच शिडी दुसऱ्या दिवशी पुन्हा मारून बघा. टप्पा बहुधा जागा बदललेला असेल.

त्यामुळे या वेळी चाचणी अशी केली. गोळी रायफलिंगपासून किती मागे ठेवायची याचे मोजकेच पर्याय घेतले, १० ते ४० थाऊंच्या दरम्यान, आणि प्रत्येकावर गोळ्या भरपूर खर्च केल्या. हायब्रिड आकाराची गोळी या बाबतीत फार नखरे करत नाही असं ऐकून होतो, ते खरं निघालं. २० थाऊंवर थांबलो. वेग सेकंदाला २६४० फुटांच्या आसपास. यापेक्षा वर चढायला जागा होती, पण प्रायमर पॉकेट सैल करून मिळणाऱ्या वेगात मला रस नाही.

उभ्या फैलावाचं एक कारण टेबलावर सापडतच नाही, ते रेंजवर सापडतं. बेन अ‍ॅव्हरी या फिनिक्सच्या रेंजवर १००० यार्डांवर गोळी सुटली की टार्गेट खाली पिटमध्ये (खंदकात) जातं. तिथे आपल्यापैकीच कोणीतरी भोकात खूणचकती लावतो, कडेला गुणांची चकती अडकवतो आणि टार्गेट पुन्हा वर करतो. पाळीपाळीने सगळ्यांनाच पिटमध्ये उभं राहावं लागतं. डोक्यावरून जाणाऱ्या गोळीचा चटका कानात बसतो आणि फ्रेम ओढून खांदे भरून येतात. तर टार्गेट खाली असताना बरेच जण पुढचं काडतूस चेंबरमध्ये कोंबून ठेवतात. पाच-सहा गोळ्यांनंतर चेंबर चांगलं तापलेलं असतं, त्यात काडतूस भाजत पडलं की पावडर गरम होते, वेग वाढतो, गोळी वर जाते. व्हर्गेटसुद्धा याला अपवाद नाही. पिटवाला चपळ असेल तर फरक जाणवत नाही, सुस्त असेल तर अकराव्या-बाराव्या गोळीला भोक वरच्या कडेला दिसतं आणि माणूस नेमाला दोष देतो. मी टार्गेट वर आल्यावरच काडतूस भरतो, आणि डबा कायम टॉवेलखाली सावलीत.

निकाल: शेवटच्या मॅचमध्ये बहुतेक गोळ्या एक्सच्या उंचीत राहिल्या, दोन-तीन वर-खाली सरकल्या, आणि उभ्या दिशेने एकही दहाच्या बाहेर गेली नाही. आडव्याबद्दल मात्र बोलायलाच नको. ताशी एका मैलाचा आडवा वारा ही गोळी १००० यार्डांवर सात इंच ढकलतो, आणि दहाच्या वर्तुळाची त्रिज्या पाचच इंच. झेंडे एक सांगत होते, स्कोपमधली मिराज (तापलेल्या हवेची थरथर) दुसरंच, आणि मी मिराजवर विश्वास ठेवला तेव्हा जास्त गुण मिळाले. ती एक स्वतंत्र नोंद होईल.

पुढचं काम बायपॉडचं. गोळी सुटल्यावर रायफल सरळ मागे यायला हवी, माझी अजून किंचित डावीकडे उडी मारते. बायपॉडच्या पायांखाली वेगळी चटई घालून बघणार आहे, आणि मागच्या पिशवीत जड वाळू. शिवाय व्हर्गेटचा जुना डबा संपत आला. नवा डबा वेगळ्या लॉटचा आहे, म्हणजे जुनं माप तसंच उचलून चालणार नाही. खालून सुरुवात करून क्रोनोवर वेग पुन्हा २६४० ला जुळवायचा. उन्हाळ्यात हे सगळं पहाटेच उरकावं लागेल. आकडे पुढच्या नोंदीत टाकतो, वीस गोळ्यांचेच.