अण्णांशी वाद

२७ फेब्रुवारी, मखमलाबाद

आज दुपारी बागेत अण्णांशी चांगला अर्धा तास वाद झाला. वरच्या प्लॉटातली थॉमसन द्राक्षं उद्याच तोडायची की आणखी चार-पाच दिवस थांबायचं, एवढाच विषय. मी घडाच्या खांद्यावरचे, मधले आणि टोकाचे मणी वेगवेगळे पिळून रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे रसातली साखर मोजायच्या यंत्रावर, बघितले. खांद्याला साखर १८ ब्रिक्स, टोकाला जेमतेम १५. म्हटलं, थांबू या, गोडी अजून भरायची आहे. अण्णांनी काही न बोलता पश्चिमेकडे बोट दाखवलं. आभाळ भरून येत होतं. या दिवसांत एक सर जरी पडली तरी मणी तडकतात आणि तडकलेल्या मालाचा भाव व्यापारी तिथल्या तिथे पाडतो. ते म्हणाले, "तुझा आकडा खरा आहे पोरी, पण ढग त्यात कुठं आलं?" मी म्हटलं, "ढगाचं मान्य, पण सगळा प्लॉट कशाला तोडायचा?" शेवटी खोलगट अंगाच्या ओळी उद्या तोडायच्या आणि चढावरच्या राखायच्या असं ठरलं.

हे सगळं लिहून ठेवावंसं वाटलं, कारण जर्मनीला शिकायला जाण्याआधी असं बोलणं आमच्यात होऊच शकलं नसतं. बागेचा निर्णय अण्णांचा, आम्ही हो म्हणायचं. त्यात जाच नव्हता. मोठ्यांपुढे गप्प बसणं म्हणजेच मान देणं, हे मला अगदी मनापासून पटलेलं होतं. गंगापूर रोडला कॉलेजात असतानाही वर्गात शंका आली तर ती तास संपल्यावर मैत्रिणीला विचारायची.

मी शिकते ते गायझेनहाइम हे ऱ्हाइन नदीकाठचं छोटंसं गाव. तिथली द्राक्षशिक्षणाची संस्था १८७२ सालची. आपलं नाशिक २० अक्षांशावर, ते ५० वर. जानेवारीत माती दगडासारखी गोठते, वेली निजलेल्या असतात आणि त्या झोपेतच त्यांची छाटणी होते, वर्षातून एकदा. आपल्याकडे वेल झोपतच नाही. एप्रिलची खरड छाटणी काडी तयार करायला आणि ऑक्टोबरची छाटणी फळासाठी. लहानपणापासून मी हे बघत आले आहे, पण बाहेरच्या माणसाला समजावून सांगायची वेळ कधी आली नव्हती.

ती वेळ एका सेमिनारमध्ये आली. दुबार छाटणीवर मी बोलले. फळ्यावर काडी काढली, तिच्यावर डोळे, म्हणजे फुटव्याच्या कळ्या, काढले. उन्हाळ्याच्या कडक उन्हात त्याच डोळ्यांमध्ये पुढच्या घडाची जडणघडण होते, हे माझ्या मोडक्या जर्मनमध्ये सांगितलं. खाली बसते न बसते तोच जर्मनीतल्याच फाल्त्स भागातून आलेली एक वर्गमैत्रीण उठली. वेलीला विश्रांतीच मिळत नाही, डोळे फोडायला तुम्ही हायड्रोजन सायनामाइड हे रसायन लावता, हे युरोपीय संघात चालत नाही, मग ही पद्धत टिकाऊ कशी म्हणायची? एकामागून एक मुद्दे. माझे कान तापले. घरी कुणी असं बोललं असतं तर महिनाभर अबोला धरला असता. पण प्राध्यापक शांतपणे माझ्या उत्तराची वाट बघत होते, म्हणून उत्तर दिलं. काही मुद्दे खोडले. सायनामाइडचा मुद्दा मात्र खोडता येईना, कारण तो खराच होता. तास संपल्यावर तीच मुलगी, "मेन्झाला (विद्यापीठाच्या खानावळीत) येतेस ना?" म्हणत माझ्यासाठी दार धरून उभी राहिली. बटाट्याचं सूप पिता पिता तिने मला एप्रिलच्या छाटणीबद्दल आणखी कितीतरी विचारलं.

तिथे म्युलर-थुरगाउ नावाचं द्राक्षाचं वाण आहे. हेरमान म्युलर यांनी १८८२ साली ते याच संस्थेत तयार केलं. रीसलिंग आणि सिल्वानरचा तो संकर, असं अनेक दशकं धरून चालले होते. पुढे डीएनए तपासला तर रीसलिंगचं जोडीदार वाण सिल्वानर नव्हेच, तर मादलेन रोयाल. वर्गात हे सगळं सरळ शिकवतात. म्युलर यांचं नाव वाणावर तसंच आहे, आदरही तसाच आहे. हे ऐकलं त्या दिवशी मला एकदम मोकळं वाटलं. अण्णांचा मान राखून त्यांना "नाही" म्हणता येईल, याची पहिली खात्री मला तिथे पटली.

मग ऑक्टोबरमध्ये छाटणी सुरू असताना मी फोन केला. सायनामाइडची पेस्ट लावणाऱ्या बायामाणसांना हातमोजे द्या म्हटलं. त्या दिवसांत कुणी दारू घेतली तर ते रसायन अंगावर येतं, तेही सांगितलं. अण्णा म्हणाले, "इतकी वर्षं काय झालं?" आणि फोन ठेवला. ती रात्र मला फार जड गेली. इतक्या लांब बसून शहाणपणा शिकवते, असं वाटलं असेल का त्यांना? तरी दोन दिवसांनी परत फोन केला आणि तेच परत सांगितलं. आठवड्याने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. सखूबाई आणि त्यांची टोळी, सगळ्यांच्या हातात जाड रबरी हातमोजे. खाली एक अक्षर नाही. तो फोटो मी अजून जपून ठेवला आहे.

बाकी तिथलं शिकणं तसं सगळ्यांचंच असतं. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरलेलीच रक्कम काढता येते अशा खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो आधी भरायचे, त्यातून महिन्याला ९९२ हातात येणार. भाडं, विमा, किराणा, सगळं त्यातच. डिसेंबरात साडेचारलाच अंधार पडायचा, तेव्हा आईच्या हातची बाजरीची भाकरी आठवून रडलेही आहे. पण त्यापायी मी बदलले असं मला वाटत नाही. माणसाला तोंडावर विरोध करून त्याच्याच शेजारी जेवायला बसता येतं, हे कळलं आणि बदलले.

संध्याकाळी मामा आले होते. त्यांचा ठरलेला प्रश्न, "शिकून झालं की इकडं येणार का तिकडंच राहणार?" पदवीनंतर नोकरी शोधायला तिथे १८ महिने मिळतात, हे त्यांनाही ठाऊक आहे. आई लगेच "येणार हो ती" म्हणाली. मी म्हटलं, "मामा, अजून ठरवलेलं नाही." घरात क्षणभर कुणी बोललं नाही. अण्णांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. रागावलेले दिसले नाहीत.

मला दोन वर्षं तिकडे काम करायचं आहे, कर्ज फेडायचं आहे, आणि मग याच बागेत सायनामाइड कमी कसं करता येईल ते बघायचं आहे. त्यासाठी आतापासून दोन ओळी मला वेगळ्या हव्यात. उद्या खोलगटाची तोडणी उरकली की हे अण्णांपुढे मांडणार आहे. दोन ओळींचं नुकसान कोण सोसणार, असं ते विचारतीलच. त्याचा हिशेब करायला आज रात्री वही घेऊन बसले आहे.