तुम्ही विचारलंत म्हणून : थिएटरात हाऊजी कशी आली?

भारतातून कुणी पाहुणे आले की लंडनमधल्या किलबर्नच्या हमरस्त्यावर, बसच्या वरच्या मजल्यावर, हा प्रश्न एकदा येतोच. मोबाइलची आणि कोंबडीची दुकानं संपता संपता घरांच्या डोक्यावरून एक उंच मनोरा दिसायला लागतो. त्यावर उभ्या अक्षरांत लिहिलंय, 'स्टेट'.

"हे काय गं?"

थिएटर होतं.

"होतं? मग आता?"

आता चर्च. आणि त्याआधी पंचवीसेक वर्षं हाऊजी चालायची. इथे तिला बिंगो म्हणतात.

मग दोन स्टॉप शांतता. आणि मग, "एवढं देखणं थिएटर, आणि या लोकांना काहीच वाटलं नाही?"

नवऱ्याच्या मिरजेच्या आत्यांनी तर मागच्या उन्हाळ्यात हे अशा सुरात विचारलं, की थिएटर मीच विकून खाल्लं असावं. बसमध्ये दोन वाक्यांत सांगता येईना, म्हणून आता बसून लिहिते.

वाटलं की. पुष्कळांना वाटलं. पण वाटल्याने छप्पर गळायचं थांबत नाही.

सुरुवातीला सिनेमा दुकानांत, जत्रेतल्या तंबूत, भाड्याच्या सभागृहांत चालायचा. तेव्हाची फिल्म नायट्रेटची, म्हणजे पेटायला टपलेलीच. १९०९ साली कायदा झाला, की प्रोजेक्टर अग्निरोधक खोलीत, प्रेक्षकांपासून वेगळा हवा. असली खोली किराण्याच्या दुकानात कुठून काढणार? खास सिनेमासाठी इमारती धडाक्याने उठायला लागल्या त्या यानंतर. ब्रायटनचं ड्यूक ऑफ यॉर्क्स १९१० चं, नॉटिंग हिलचं इलेक्ट्रिक १९११ चं. दोन्हीकडे आजही सिनेमा लागतो. आपले दादासाहेब फाळके १९१२ साली कॅमेरा घ्यायला लंडनला आले, तेव्हा इलेक्ट्रिक जेमतेम वर्षाचं होतं.

खरा थाट आला तो बोलपटांबरोबर. किलबर्नचं स्टेट डिसेंबर १९३७ मध्ये उघडलं. खुर्च्या ४,००४. त्या चारांचं मला फार कौतुक आहे. मालकाने मोजायला लावल्या असणार आणि मग चार कशाला सोडायच्या म्हणून छापल्या असणार. वास्तुकार जॉर्ज कोल्स. या माणसाला एका शैलीत करमत नसावं. किलबर्नला त्याने न्यूयॉर्कच्या गगनचुंबीची आठवण देणारा मनोरा उभा केला, इस्लिंग्टनच्या एसेक्स रोडवर इजिप्तचं देऊळ, आणि साउथॉलला १९२९ साली चक्क चिनी देऊळ, पागोड्याचं छप्पर आणि ड्रॅगनसकट. गिरण्यांत, गोदामांत आठवडा घालवणाऱ्या माणसाला शनिवारी संध्याकाळी इजिप्त किंवा चीन, तेही थंडीत ऊब आणि पायाखाली गालिचा यांसह. पुष्कळांच्या घरी तेव्हा यातलं काहीच नव्हतं.

बर्मिंगहॅमच्या भंगार व्यापाऱ्याचा मुलगा ऑस्कर डॉइच, त्याने ओडियनची साखळी उभी केली, तिचा थाट उलटा: गुळगुळीत आधुनिक घाट, फिक्या चकचकीत फरशा, रात्री निऑन. ती सुंदरच आहेत, पण माझा जीव आहे लंडनमधल्याच टूटिंगच्या ग्रनाडा थिएटरावर.

टूटिंगचं थिएटर १९३१ चं. बाहेरून चार उंच खांब आणि पांढरा दगड, एखाद्या भारदस्त बँकेसारखं. आत शिरलात की गॉथिक कॅथीड्रल. टोकदार कमानी, कोरीव जाळ्या, भिंतींवर मध्ययुगातले भाट आणि राजस्त्रिया. वरच्या मजल्यावर आरशांची लांबच लांब ओसरी, जिच्यातून चालताना आपल्यासारखे वीस जण आपल्याबरोबर चालतात. सजावट थिओडोर कोमिसार्झेव्हस्कीची. जन्म व्हेनिसचा, माणूस रशियन, धंदा नाटकाचा. नाटकवाल्याला थिएटर दिलं की तो प्रेक्षकालाच पात्र करून टाकतो, तसं झालंय. तीन हजारांवर माणसं मावायची. सिनात्रा इथे गायला, १९६३ मध्ये बीटल्स येऊन गेले.

मग माणसं गेली कुठे? १९४६ साली ब्रिटनमध्ये १६३ कोटी तिकिटं खपली. लोकसंख्या पाच कोटींच्या आत, म्हणजे तान्ही मुलं धरून माणशी वर्षाला तीसच्या वर सिनेमे. १९८४ साली तोच आकडा ५.४ कोटी. टीव्ही आला हे तर आहेच. १९५३ चा राणीचा राज्याभिषेक बघायला लोकांनी संच घेतले, दोन वर्षांनी जाहिरातींचं चॅनल सुरू झालं. पण नुसता टीव्ही नव्हे. शहरातल्या दाटीच्या वस्त्या पाडून कुटुंबं लांब उपनगरांत हलवली. जे थिएटर कोपऱ्यावर होतं ते दोन बस लांब गेलं. चार हजार खुर्च्यांत चाळीस माणसं, आणि हीटिंगचं बिल मात्र चार हजारांचंच.

इथे हाऊजी येते. १९६० च्या कायद्याने जुगाराचे नियम सैल केले आणि १९६१ पासून बिंगो क्लब राजरोस चालवता येऊ लागले. थिएटरमालकांना वेगळं काही करायचंच नव्हतं: खुर्च्या आहेत, दिवे आहेत, दारात बसस्टॉप आहे. आणि दुपारी मोकळ्या असलेल्या बायकाही आहेत, ज्यांना एकटीने पबमध्ये जाणं अवघड वाटायचं आणि बिंगोला जाणं अजिबात नाही. टूटिंगला १९७३ साली सिनेमा थांबला, १९७६ साली नंबर पुकारायला सुरुवात झाली. ती अजून चालू आहे.

जुन्या थिएटरांवर जीव टाकणारी काही मंडळी हाऊजीचं नाव काढलं की नाक मुरडतात. मला त्यांचा राग येतो. ज्या थिएटरांना गिऱ्हाईक मिळालं नाही, ती आज सुपरमार्केटं आणि पार्किंग आहेत. टूटिंगच्या कमानी उभ्या आहेत त्या पेन्शनमधून आठवड्याला दोनदा तिकीट घेणाऱ्या आज्यांमुळे. किलबर्नची हाऊजी २००७ मध्ये उठली, मग चर्चवाल्यांनी इमारत घेतली. फिन्सबरी पार्कच्या अ‍ॅस्टोरियात १९६७ साली गिटारवादक जिमी हेंड्रिक्सने पहिल्यांदा मंचावर गिटार पेटवली. पुढे तेही बंद पडलं, धूळ खात राहिलं आणि १९९५ साली तिथे चर्च आलं. तिथल्या मूरिश, म्हणजे स्पेनमधल्या अरबी थाटाच्या, दालनात कारंजं पुन्हा उडतंय. त्या पंथाच्या शिकवणुकीशी मला काही देणंघेणं नाही, पण कारंजं त्यांच्या पैशावर उडतंय हे मान्य करायला हवं. उलट वॉल्थमस्टोचं ग्रनाडा बघा. २००३ साली त्याच चर्चने घेतलं, तिथे प्रार्थना भरवायला परवानगी मिळाली नाही, आणि लोकांनी थिएटर परत मिळवण्यासाठी वर्षानुवर्षं भांडण चालवलं. २०२५ च्या मे महिन्यात ते नाट्यगृह म्हणून उघडलं. मी आनंदाने गेले. पण मध्ये बावीस वर्षं गेली, आणि एवढा दम प्रत्येक गावात नसतो.

आपल्या लोकांनीही काही थिएटरं जगवलीत, हे पाहुण्यांना सांगितलं की एकदम ताठ बसतात. साउथॉलचं डोमिनियन साठच्या दशकात इंडियन वर्कर्स असोसिएशनने विकतच घेतलं आणि तिथे हिंदी सिनेमे लावले. कारखान्यात पाळी करणारी माणसं रविवारी तिथे भेटायची, गावाकडची खबर घ्यायची. सिनेमा हे निमित्त. ऐंशीच्या दशकात ते पाडलं. कोल्सचं चिनी देऊळ मात्र टिकलं. १९७२ पासून तिथे हिंदी सिनेमा, मग बाजार, २००१ मध्ये 'हिमालया पॅलेस' या नावाने पुन्हा सिनेमा, २०१० नंतर पुन्हा बाजार. चिनी ड्रॅगनखाली इंग्लंडात सलवार-कमीजची खरेदी. मी स्वतः तिथे उशांचे अभ्रे घेतलेत.

"मग सरकार काय करतं?" हा आत्यांचा पुढचा प्रश्न होता. सरकार यादी करतं. टूटिंग २००० साली पहिल्या श्रेणीत गेलं, म्हणजे सेंट पॉल्स कॅथीड्रलच्या पंगतीत. तोवर कुठल्याच सिनेमागृहाला हा मान मिळाला नव्हता. यादीत नाव आलं की परवानगीशिवाय पाडता येत नाही. डागडुजी मात्र मालकाने करायची. आणि ही डागडुजी म्हणजे चुना फासणं नव्हे. वरची ती दगडी दिसणारी नक्षी दगडाची नसतेच. साच्यात ओतलेलं प्लास्टर असतं, आणि ते वरच्या पोलादाला टांगलेलं असतं गोणपाटाच्या पट्ट्यांनी, प्लास्टरमध्ये भिजवून पीळ दिलेल्या. नव्वद वर्षांचं गोणपाट! पाणी मुरलं की ते कुजतं, आणि खालून काही दिसत नाही. २०१३ साली लंडनच्या अपोलो नाट्यगृहाच्या छताचा भाग चालू प्रयोगात कोसळला तो यामुळेच. तेव्हापासून ही छतं नियमित तपासून घ्यावी लागतात, आणि तपासायला जायचं म्हणजे आधी आढ्यात चढायला वाट हवी. हा खर्च कोण करणार? ज्याच्याकडे रोज गर्दी होते तो.

हे सगळं सांगून आत्यांचं समाधान झालं नाही. म्हणून मी त्यांना टूटिंगला घेऊन गेले. बुधवारची दुपार. दारात नाव-पत्ता लिहून घेतला, तिकिटांचं पुस्तक आणि जाड शाईचा मार्कर दिला. तिकीट अगदी आपल्या हाऊजीचं: सत्तावीस घरं, पंधरा आकडे, सहा तिकिटांत मिळून एक ते नव्वद. आत्या मिरजेच्या महिला मंडळात वीस वर्षं आकडे पुकारत आल्यात, त्यामुळे त्यांनी ते तिकीट ओळखीच्या माणसासारखं हातात घेतलं.

"अठ्ठ्याऐंशीला 'टू फॅट लेडीज' म्हणतात का गं इथे?"

म्हणत नाहीत हल्ली. माइकवरचा मुलगा भराभरा नुसते आकडे वाचत होता. बाकी पिन पडली तरी ऐकू यावी अशी शांतता, सिनेमात असते त्याहून जास्त. शंभरेक डोकी खाली, मार्कर टपटप. वर साठ-सत्तर फुटांवर सोनेरी कमानी, आणि त्यांच्याकडे एकही मान वर नाही.

मी हळूच म्हटलं, "आत्या, ते छत बघा ना. गोणपाट सांगत होते ना, ते तिथे वर."

त्यांनी मार्कर वर न उचलता डाव्या हाताने मला गप्प केलं. "थांब जरा. मला एकच हवाय. बासष्ट."