कढईत पाणी सुटतं तेव्हा

पहिल्या दिवशी जे तयार झालं त्याला नूडल्स म्हणायला धाडस लागतं. काट्याने एक टोक उचललं तर कढईतला सगळा ऐवज एका गोळ्यात वर आला. खाली करडं पाणी, त्यात रबरासारखे चिकनचे तुकडे, आणि कडेला मान टाकून पडलेला कोबी. मुलीने ताटलीत डोकावून विचारलं, "बाबा, हे सूप आहे का?" मी हो म्हणून टाकलं. ती जाऊन चमचा घेऊन आली.

बेत चाओ मीनचा होता. चिनीत 'चाओ' म्हणजे मोठ्या आचेवर भराभर परतणं आणि 'म्येन' म्हणजे नूडल्स. कृती नावातच सांगितलेली आहे, पण ती मला कळायला चार खेपा लागल्या.

दुसऱ्या खेपेला मी ठरवलं की चव कमी पडते आहे. सोया सॉस दुप्पट घातला, लसूण वाढवला. सूप खारट झालं. बायको शांतपणे म्हणाली, "चवीचं नंतर बघ. आधी हे पाणी कुठून येतंय ते शोध." प्रश्न अगदी बरोबर होता, आणि मी त्याआधी तो स्वतःला विचारलाच नव्हता.

मग एक दिवस काहीही न बदलता, पहिल्यासारखंच सगळं करून, फक्त कान देऊन ऐकत उभा राहिलो. तेलात चिकन पडलं, 'चर्र' झालं. भाज्या पडल्या, पुन्हा चर्र, पण जरा दबकं. नूडल्स ओतल्या आणि आवाजच बंद. दहा-पंधरा सेकंद शांतता, आणि मग हळूच 'रटरट'. परतणं त्या क्षणी संपलं होतं, शिजवणं सुरू झालं होतं. त्यापुढे मी उलथनं कितीही जोरात फिरवलं तरी काही उपयोग नव्हता.

त्यामागचं कारण शाळेत शिकलेलंच आहे. कढईत पाणी असेपर्यंत त्या पाण्याचं तापमान १०० अंशांच्या वर जात नाही. चिकनला किंवा नूडल्सला जो तपकिरी रंग आणि खमंग वास येतो, तो जोमाने यायला साधारण १४० अंश लागतात. शिवाय शून्य अंशावरचं पाणी उकळीपर्यंत आणायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या पाचपटीहून जास्त उष्णता तेच पाणी वाफ होऊन उडून जायला लागते. म्हणजे अर्धी वाटी पाणी कढईत शिरलं की शेगडीची सगळी ताकद ते उडवण्यातच खर्ची पडते. आणि माझ्या कढईत पाणी चारही बाजूंनी शिरत होतं: नूडल्समधून, धुतलेल्या चिकनमधून, नळाखालून थेट आलेल्या भाज्यांमधून, आणि वरून ओतलेल्या सॉसमधून.

नूडल्सपासून सुरुवात केली. पाकिटावर लिहिलंय त्याच्या एक मिनिट आधीच गॅस बंद करायचा, कारण त्या पुढे कढईत आणखी शिजणार असतात. लगेच चाळणीत ओतून थंड पाण्याखाली हाताने चोळायच्या. बोटांना जो बुळबुळीतपणा लागतो तो पृष्ठभागावरचा स्टार्च. तो गेला की चिकटपणा बराच जातो. इथपर्यंत मी आधीही करत होतो. सुटत होती ती पुढची पायरी. निथळलेल्या नूडल्स आता मी स्वच्छ सुती कापडावर पातळ पसरतो, चमचाभर तेल चोळतो आणि अर्धा तास पंख्याखाली सोडून देतो. पहिल्यांदा असं केलं तेव्हा वाटलं होतं, कडक होतील. तसं झालं नाही. त्या सुट्या झाल्या, बोटांमधून घसरायला लागल्या, आणि कापडावर ओला नकाशा उमटला. एवढं पाणी आत्तापर्यंत कढईत जात होतं!

(या नूडल्सचा पिवळा रंग नेहमी अंड्याचाच असतो असं नाही. बऱ्याच चिनी नूडल्सच्या पिठात सोड्यासारखे अल्कधर्मी क्षार घालतात. त्याने पिठातलीच रंगद्रव्यं पिवळी होतात आणि नूडल्सना चिवटपणा येतो. साध्या मैद्याच्या मऊ नूडल्सपेक्षा या परतायला कितीतरी सोप्या.)

चिकनने मला जास्त छळलं. छातीचा भाग वापरत होतो, तो दोन मिनिटांत कोरडा पडायचा. मांडीचं बोनलेस घेतलं आणि निम्मा प्रश्न सुटला. उरलेला निम्मा सुरीचा. मांसाचे धागे नीट बघितले तर दिसतात. त्यांना आडवं कापलं की प्रत्येक तुकड्यात धागे आखूड राहतात आणि दाताखाली तुटतात. धाग्यांच्या दिशेने कापलं तर दोरी चावावी तसं लागतं. मऊ चिकनचे पातळ काप करणं मला जमत नव्हतं, म्हणून अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवायला लागलो. जरा आखडलं की सुरी सरळ जाते.

मांस मऊ राहावं म्हणून चिनी स्वयंपाकात त्याला आधी पातळसा लेप देतात. पाव किलो चिकनला एक छोटा चमचा कॉर्नफ्लोअर, एक मोठा चमचा सोया सॉस, एक चमचा तेल, आणि वीस मिनिटं. कॉर्नफ्लोअर तापून घट्ट होतं आणि चिकनभोवती अस्तरासारखं बसतं, रस आतच राहतो. एवढंच पुरेसं होतं. पण कुठेतरी वाचलं की बेकिंग सोड्याने आणखी मऊ होतं. हे खरंही आहे, सोड्यामुळे प्रथिनं आवळून घट्ट होत नाहीत. फक्त ते चिमूटभर घालून पंधरा मिनिटं ठेवायचं असतं. मी अर्धा चमचा चोळून रात्रभर ठेवलं. सकाळी ते चिकन हाताला मेणासारखं लागत होतं आणि शिजल्यावर तोंडात साबणाचा फेस आल्यासारखं वाटलं. शिवाय सोडा लावलं की धुवावं लागतं, म्हणजे पुन्हा पाणी. सोडा मी सोडून दिला.

भांड्याची गोष्ट थोडक्यात. नॉनस्टिक एवढ्या आचेसाठी नसतं, त्याचा थर खराब होतो. मी लोखंडी कढई काढली. ती तापवून, तेलाचा अगदी पातळ हात फिरवून, धूर येईपर्यंत तापवायची, असं चार-पाच वेळा केलं की तेलाचा काळा, टणक थर बसतो. मग नूडल्स चिकटत नाहीत. एकदा घासून रात्रभर ओली ठेवली, सकाळी गंजली, पुन्हा पहिल्यापासून सगळं. पाण्याने इथेही सोडलं नाही.

कँटनी स्वयंपाकी ज्या वासाचं कौतुक करतात, 'वोक हे', म्हणजे कढईचा श्वास, तो मला घरी पूर्ण कधीच मिळाला नाही. हॉटेलातल्या वोकची शेगडी घरच्या बर्नरच्या कितीतरी पट उष्णता देते. तिथे पाणी सुटायच्या आत उडून जातं, म्हणून तिथला माणूस सगळं एकदम टाकू शकतो आणि आपण त्याचं बघून टाकतो. माझं सुरुवातीचं सगळं चुकणं तिथूनच आलं होतं. घरच्या आचेवर एकच उपाय चालतो: थोडं थोडं टाकायचं.

चौथ्या खेपेला गॅस पेटवायच्या आधी ओट्यावर सगळं मांडलं. एका वाटीत सॉस: दोन मोठे चमचे साधा सोया, एक छोटा चमचा डार्क सोया (हा मुख्यतः रंगासाठी), एक चमचा ऑयस्टर सॉस, चिमूटभर साखर आणि पांढरी मिरपूड. भाज्या धुऊन, टिपून, उभ्या बारीक चिरलेल्या. कढई नुसतीच तापवली, इतकी की शिंतोडा टाकलेला थेंब गोळी होऊन पळाला. शेंगदाण्याचं रिफाइंड तेल फिरवलं. निम्मं चिकन एका थरात पसरलं आणि हात मागे घेतला. हे सगळ्यात अवघड. हाताला सारखं ढवळायचं असतं, पण चाळीस सेकंद न हलवता ठेवलं तरच खालची बाजू तांबूस होते. उलटलं, आणखी तेवढंच, काढून घेतलं. मग उरलेलं निम्मं. एक जाड तुकडा कापून बघितला, आत कुठेही गुलाबी नव्हतं. थर्मामीटर असेल तर ७४ अंश बघावेत.

त्याच कढईत गाजर, सिमला मिरची आणि कोबी, दीड मिनिट, करकरीत असतानाच बाहेर. पुन्हा तेल, मग आलं-लसूण. हे पहिल्यांदा घालून मी दोनदा करपवलं होतं, म्हणून आता इथे. दहा सेकंदांत वास सुटला की नूडल्स. पसरल्या, दाबल्या आणि पुन्हा हात मागे. आवाज ऐकत होतो. चर्र कमी झाली, पण थांबली नाही. खालून उचलून बघितलं तर कडा सोनेरी झाल्या होत्या.

सॉस नूडल्सवर ओतायचा नाही, तापलेल्या कढईच्या कडेने सोडायचा. तो कडेवरून खाली येता येता फसफसतो, त्यातलं पाणी तिथेच उडतं आणि खाली पोचेपर्यंत त्याला किंचित जळका, गोडसर वास येतो. चिकन-भाज्या परत घातल्या, चिमट्याने चार वेळा वरखाली, पातीचा कांदा, गॅस बंद. तिळाचं तेल अगदी शेवटी अर्धा चमचा, कारण भाजक्या तिळाचा वास आचेवर टिकत नाही. नूडल्स आत गेल्यापासून ताटलीत येईपर्यंत तीन मिनिटंही लागली नसतील. आधीची तयारी सव्वा तासाची होती.

बायकोने पहिला घास घेतला आणि काहीच बोलली नाही, दुसरा घेतला. मुलगी जरा नाराज होती. तिला सूप आवडलं होतं.

मागच्या आठवड्यात सहा जण जेवायला होते. हात बसलाय या गुर्मीत मी तिप्पट नूडल्स एकदम कढईत लोटल्या आणि गप्पा मारत उलथनं फिरवत राहिलो. स्वयंपाकघराच्या दारातून मुलीचा आवाज आला, "बाबा, रटरटतंय." मी दोन तृतीयांश नूडल्स परत ताटात काढल्या.