तांब्याचं बूड सरळ का नसतं?

मी शाळेत चित्रकला शिकवते. एलिमेंटरीची, म्हणजे चित्रकलेच्या पहिल्या सरकारी ग्रेड परीक्षेची, बॅच पहिल्यांदा माझ्याकडे आली तेव्हा वाटलं, ग्रेड परीक्षेला बसणारी पोरं आहेत, हात बरा असणारच. स्थिरचित्रासाठी टेबलावर तांब्या, दोन कांदे, मागे निळी चादर असं लावलं. सगळ्यांच्या तांब्याचं तोंड बांगडीसारखं पूर्ण गोल आणि बूड पट्टीने मारल्यासारखं सरळ! विचारलं तर एक जण म्हणतो, "बाई, तांब्या टेबलावर बसलाय ना, मग बूड सरळच असणार." आता याला काय बोलणार!

म्हणजे पोरं समोरचं बघतच नव्हती, डोक्यात जे माहितीये ते काढत होती. "नीट बघा, नीट बघा" करत मी दोन आठवडे घसा फोडला. फळ्यावर लंबवर्तुळ काढून दाखवलं तर अजूनच घोळ, कारण सगळ्यांनी माझंच लंबवर्तुळ पाठ केलं आणि उभं राहून काढा नाहीतर खाली बसून, तेच.

शेवटी घरून काचेचे ग्लास नेले, अर्धं पाणी आणि त्यात चिमूटभर हळद. ग्लास बरोब्बर डोळ्यांच्या लेव्हलला धरला की पाण्याची नुसती रेघ दिसते, आणि हळूहळू खाली नेला की ती रेघ उघडत जाते, छातीपाशी चपटी, कमरेपाशी बऱ्यापैकी गोल. एकाने धरायचा, दुसऱ्याने काढायचं. दोघांच्या पांढऱ्या शर्टावर हळद सांडली, घरून फोन आले, ते जाऊदे. पण मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, बूड तर तोंडापेक्षा जास्त गोल दिसतंय!" तेवढ्यावर माझा तो आठवडा वसूल.

मग पेन्सिल कागदी प्लेटमधून आरपार घालून चित्र काढायला लावलं, म्हणजे स्वतःचा हातच दिसत नाही, नजर वस्तूवरच ठेवावी लागते. रेघा भयानक आल्या, पोरं हसून हसून लोळली, पण कढईचा कान पहिल्यांदा कढईच्या कानासारखा आला. कानाच्या आतली मोकळी जागा आधी काढायची, ही युक्तीही तिथेच चालली.

पालकांचा प्रश्न एकच, पुढे इंटरमिजिएटला, म्हणजे त्यानंतरच्या ग्रेड परीक्षेला, ए ग्रेड आली तर दहावीला ७ मार्क मिळतात ना? मिळतात हो.

चादरीच्या घड्या मात्र अजून इस्त्री केल्यासारख्याच येतात, त्यावर काही सुचलेलं नाही.